रानलोकांना निरोप

५ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

आज दीड पान. डोळ्यांत औषध घालून अर्धा तास पडले, उठले, चार ओळी लिहिल्या, पुन्हा पडले. दोन पानं झाली असं लिहिणार होते, पण स्वतःच्या वहीत तरी खोटं कशाला.

पुण्याच्या प्रकाशनातल्या संपादकबाईंनी हे इंग्रजी पुस्तक पाठवलं तेव्हा फोनवर म्हणाल्या होत्या, "मॅडम, मुलांचं आहे, हलकंफुलकं." तीनशे चाळीस पानं आहेत. पहिल्या पानावर युद्ध, तिसऱ्यावर अंत्ययात्रा. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत मराठी शिकवलं, त्यातली शेवटची पंधरा मोर्शीला. निवृत्त झाल्यावर अमरावतीला बाबांच्या घरात शांत बसावं, तर हौसेनं हे अंगावर घेतलं.

अडलंय ते नावापाशी. पुस्तकातले लोक उंच, सडपातळ, टोकदार कानांचे, हजार वर्षं जगणारे. इंग्रजीत त्यांना एल्फ म्हणतात. आपल्याकडे असं कोणी नाही. परी म्हणावं तर सगळ्या बायकाच होतात, यक्ष म्हणावं तर पोट सुटलेला खजिनदार डोळ्यासमोर येतो, आणि बुटके कसे म्हणणार, एकेक सहा फुटी आहे. संपादकबाई म्हणतात, एल्फच ठेवा, हल्लीच्या मुलांना कळतं. मोर्शीच्या मुलांना कळेल का, असं विचारलं तर म्हणाल्या, मोबाइलवर सगळ्यांनाच कळतं. मी 'रानलोक' केलंय. टिकलं तर टिकलं.

९ नोव्हेंबर, शनिवार

रानलोकांचा गुन्हा आज उलगडला. डोंगराच्या खिंडीवर पहारा द्यायचं काम त्यांचं. सुगीच्या सणाला ते प्यायले, नाचले, आणि खालून राजपुत्रानं मदतीसाठी शिंग फुंकलं ते त्यांना ऐकू आलं नाही. काहींना आलं, पण वाटलं सणाचंच आहे. राजपुत्र मेला. राणीनं सगळ्या जमातीला हद्दपार केलं. तेव्हापासून तीनशे वर्षं ते समुद्रातल्या खडकाळ बेटांवर राहतात. त्यांच्या मुलांनी झाड पाहिलेलं नाही, म्हाताऱ्या बायका त्यांना वाळूत बोटानं झाड काढून दाखवतात.

हे लिहिताना मला रडू आलं. वय झालं की असं होत असावं. एका रात्रीची चूक आणि शिक्षा किती लांबवायची? राणीचा मुलगा गेला हे खरं, पण त्यांनी काही मुद्दाम नाही केलं. मी राणीच्या जागी असते तर दहा-बारा वर्षांत बोलावून घेतलं असतं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारी दार वाजलं. दारात एक उंच मुलगी, हातात पत्रिकांची पिशवी. म्हणाली, "आत्या, मी वर्षाली." बारा वर्षांची होती तेव्हा पाहिली होती, आता चोवीस. हनुवटी हुबेहूब बाबांची, म्हणून ओळखू आली.

पंधरा डिसेंबरला तिचं लग्न आहे, अकोल्याला. एकटी बसनं आली होती, बापाला, ललितला, न सांगता. "आत्या, तुमी आल्या तर बाबा काही म्हनणार नाही. म्हनतील तर मी पाहून घेईन. माह्या बाजूनं कोनी मोठंच नाही ओ." चहा प्यायली, आईबाबांच्या फोटोपुढे जरा थांबली आणि चारच्या गाडीनं गेली.

मी तिला हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. पाहू म्हटलं.

ललित माझा धाकटा भाऊ. बाबा गेले त्या दिवशी आई माझ्याकडे मोर्शीला होती, मला टायफॉइड झाला होता म्हणून. त्याची बायको मुलीला घेऊन माहेरी गेलेली, घरी बाबा आणि ललित दोघंच. सकाळी नोकरीवरून दोघांची खडाजंगी झाली आणि ललित मित्रांबरोबर चिखलदऱ्याला निघून गेला. दुपारी बाबांच्या छातीत दुखायला लागलं. त्यांनी ललितला सात वेळा फोन केला. सातही वेळा त्यानं नाव पाहिलं आणि फोन खिशात ठेवला, की पुन्हा बोलणी खायची नाहीत. शेजाऱ्यांना कळेपर्यंत उशीर झाला होता. बाबांच्या पुण्यानुमोदनाला, मरणानंतरच्या वंदनेला, सगळे जमलेले असताना आई उठून उभी राहिली आणि म्हणाली, "हा माह्या दारात दिसला नाई पाह्यजे." दुसऱ्या दिवशी तो बायकोला आणि मुलीला घेऊन अकोल्याला सासुरवाडीला गेला.

पण तिथे संपलं असतं तर वेगळं. आईनं दोन वर्षांनी त्याला माफ केलं होतं. मी स्वतः त्याला तसं कळवलं. त्यानं उत्तर दिलं नाही, आई गेली तेव्हाही आला नाही. माफी घरपोच दिली होती, त्यानं दार उघडून घेतली नाही, आता मी कोणत्या तोंडानं जायचं? त्यानं एक फोन करावा. एवढंच म्हणणं आहे माझं. माझा एकच भाऊ आहे, तो मला परत हवा आहे, पण दर वेळी मीच का वाकायचं?

१३ नोव्हेंबर, बुधवार

काही नाही. पत्रिका टेबलावर आहे. तिच्यावर शब्दकोश ठेवलाय.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

प्रचाराचे भोंगे काल थांबले, उद्या मतदान. गल्लीत एवढी शांतता आहे की काम न व्हायला निमित्तच उरलं नाही.

माफीचं प्रकरण आज केलं. राणीही रानलोकांसारखीच दीर्घायुषी, पण आता फार म्हातारी आहे, आंधळी, पडून असते. एक दिवस निरोप पोचवणाऱ्या बगळ्याला जवळ बोलावते आणि रानलोकांसाठी निरोप सांगते. मी आधी 'मी तुम्हाला क्षमा केली आहे' असं लिहिलं. वाचून पाहिलं तर राणी स्नेहसंमेलनातली वाटली, पुठ्ठ्याचा मुकुट घातलेली. 'माफ केलं' लिहिलं. ते बसमध्ये पायावर पाय पडल्यावरचं. मरणाला टेकलेली बाई, मुलगा गमावलेली, ती कसं बोलेल?

मग आईच आठवली. चौदा सालचा फेब्रुवारी, मी तिची वेणी घालत होते. तोवर दिवसाला चार शब्दसुद्धा बोलणं बंद झालं होतं तिचं. एकदम म्हणाली, "ज्योत्स्ने, लल्याले सांग. म्या सोडलं त्याले." आणि हात असा केला, लुगड्यावरचे दाणे झटकावेत तसा. तोंड किती हलकं झालं होतं तिचं. पाच आठवड्यांनी गेली.

मी राणीच्या तोंडी घातलं, 'सोडलं मी तुम्हाला.' तीन शब्द. या पुस्तकातलं हे एकच वाक्य मला खरोखर जमलं असं वाटतं. प्रकरण लगेच पुण्याला पाठवून दिलं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

शाइस्ताबाई उन्हाला येऊन बसल्या होत्या. पलीकडच्या घरात राहतात, उर्दू शाळेतून माझ्याआधी दोन वर्षं निवृत्त झाल्या. कुणीतरी शेंदूरजनाघाटहून आणलेली संत्री सोबत घेऊन आल्या होत्या. त्या सोलत होत्या आणि मी नवीन प्रकरण वाचून दाखवत होते. बगळ्यानं निरोप सांगितला, रानलोक ढसाढसा रडले, होड्या पाण्यात लोटल्या, इथवर आले, तर त्यांचा हात थांबला.

"एक मिनिट, बाई. रानीनं त्याईले सोडलं ना? मंग हे खूश काहून होऊन राहिले?"

मी म्हटलं, सोडलं म्हणजे माफ केलं.

"माह्या फुफीले तिच्या नवऱ्यानं सोडलं होतं. थे बी सोडलंच. दोन लेकरं घेऊन माहेरी आली बिचारी."

दहा मिनिटं समजावलं. राग सोडला, दोष सोडला, 'जाऊ दे, सोड' म्हणतो त्यातलं सोडणं. माझी आई अस्संच म्हणाली होती आणि मला बरोबर कळलं होतं, तेही सांगितलं.

"तुमाले कळनच, बाई. तुमी अम्मीचं तोंड पाहून राहिल्या होत्या. त्या बेटावरच्याईनं कोनाचं तोंड पाह्यलं? बगळ्याचं?"

मनात आलं, मराठीतल्या छटा यांना कुठून कळणार. लगेच लाज वाटली, कारण त्यांचं मराठी माझ्या निम्म्या सहकाऱ्यांपेक्षा चांगलं आहे. पण वाक्य मी बदलणार नाही. संत्रं आंबट निघालं.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

पार्बताबाईंचा फोन. आमच्या थोरल्या काकू, वय ब्याऐंशी, सगळ्या भावकीच्या बातम्या त्यांच्याकडे. विचारत होत्या, लग्नाला जाणार की नाही. म्हटलं, ललितनं बोलावलं तर जाईन. म्हणाल्या, "तू पन तुह्या मायसारखीच हाय. थे निदान बोलून मोकळी झालती." नक्की काय म्हणायचं होतं कोण जाणे. त्यांना विचारलं, आई गेली तेव्हा तुम्ही ललितला फोन केला होता ना, तो काय म्हणाला होता? म्हणाल्या, "काही नाई बोल्ला. निस्ता रडला."

रडला तर मग आला का नाही, ते कुणी सांगत नाही.

गुडघे दुखतात. पुस्तकातली शेवटची साठ पानं राहिली आहेत आणि मला त्या रानलोकांचा आता कंटाळा आलाय. सारखे समुद्राकडे बघून गाणी म्हणतात.

४ डिसेंबर, बुधवार

संपादकबाईंची मेल. नेहमीप्रमाणे आधी चार ओळी कौतुकाच्या. मग हे, जसंच्या तसं उतरवून ठेवते:

'बाविसाव्या प्रकरणात राणी "सोडलं मी तुम्हाला" म्हणते. हे वाचून तिनं त्यांना कायमचं टाकलं असं वाटतं, मग ते परत का निघतात ते कळत नाही. मी मूळ काढून पाहिलं. तिथे राणीच्या निरोपात याच्या पुढे आणखी एक छोटं वाक्य आहे, "घरी या." ते तुमच्याकडून नजरचुकीनं गळलं असावं. ते घातलं की आधीचं वाक्यही बरोबर लागतं. मला तर ते आता फारच आवडलं.'

पुस्तक काढून पाहिलं. आहे. वेगळ्या ओळीवर, एकटं, पानाच्या मधोमध. आंधळ्याला दिसेल असं छापलंय.

चौतीस वर्षं मुलांच्या वह्यांतले गळलेले शब्द लाल शाईनं गोल करून दाखवले. सबंध पुस्तकात मी एक स्वल्पविराम सोडलेला नाही. आणि हे वाक्य कसं सोडलं?

५ डिसेंबर, गुरुवार

काम केलं नाही. जेवणही अर्धवट.

ललितला मी जो मेसेज पाठवला होता तो मला पाठ आहे. तेव्हा नवीनच फोन घेतला होता, मराठी टाइप करायला वेळ लागायचा. आईचं वाक्य मी शुद्ध करून लिहिलं होतं. 'आईने सांगितले आहे की तिने तुला सोडले.' शेवटी पूर्णविराम दिला होता.

बस, एवढंच. पुढे काही नाही. बारीक तपासूनही पाहिलं होतं पाठवण्याआधी.

६ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी इर्विन चौकात जाऊन आले. बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी ही गर्दी. दरवर्षी येते तशी फूल वाहिलं, रांगेतून बाहेर पडले. लोक सहकुटुंब आले होते. दोन बहीणभाऊ, असतील साठीचे, एकमेकांचा हात धरून गर्दीतून वाट काढत होते. मी घरी आले आणि शब्दकोशाखालची पत्रिका काढली. पत्ता अकोल्यातल्या कौलखेडचा आहे.

न सांगता जाईन. सांगितलं तर तो नको म्हणेल, आणि मग मला पुन्हा इथे बसून रागावता येईल.

८ डिसेंबर, रविवार

अकोल्याहून आत्ता आले. सगळं आजच लिहून काढते, उद्या मी त्यात सुधारणा करीन.

मूर्तिजापूरला गाडी अर्धा तास थांबली. तिथे बसून बोलायची तयारी केली. सगळं खापर त्या शब्दावर फोडायचं. सोडलं या शब्दानं घात केला, तुझा गैरसमज झाला, माझा दोष नाही. वाक्यं घासूनपुसून तयार होती.

दार ललितनंच उघडलं. केस पांढरे झालेत, चष्मा लागलाय. "ताई" म्हणाला आणि बाजूला झाला. घरभर लग्नाच्या पिशव्या. वर्षाली नव्हती. त्याची बायको शकुन पाणी घेऊन आली आणि तिथेच उभी राहिली.

मी पाणी पिता पिताच सांगून टाकलं. आई काय म्हणाली, हात कसा केला, तिचं तोंड कसं दिसत होतं. माफ केलं होतं रे तुला, टाकलं नव्हतं.

तो म्हणाला, "म्या तर टाकलंच समजलो, ताई. दुसरं काय समजीन? थे गेली तवा आलतो म्या. इर्विन चौकापावतर. पुतळ्यापाशी घंटाभर उभा राह्यलो. टाकलेल्या पोरानं मयतीले कसं जावं, थे काई समजे ना. मंग मागं फिरलो."

तो चौक आमच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर आहे. मी रडले. शकुनही रडली. ललित नाही रडला. तो माझ्याकडे बघत राहिला.

"मायले तर बोलता येत नोतं. थ्या दोन गोष्टी बोलली, लय झालं. पन तू त मराठीची मास्तरीन, ताई. एक 'ये' कावून नाई लिहिलं त्याच्यापुढं?"

शब्दावर फोडायचं खापर तोंडात होतं. विसरले असंही म्हणता आलं असतं, आणि तो बिचारा मान्य करून मोकळा झाला असता. पण माझ्याच्यानं नाही झालं.

"मले तू यायले नको होता," मी म्हटलं.

एवढ्यावर थांबता आलं नाही मला. आई त्या दिवशी माझ्या उशाशी होती. मी तिला बोलावलं नसतं तर ती बाबांजवळ असती. माझा ताप तसा दोन दिवस आधीच उतरला होता, मीच म्हटलं होतं, अजून चार दिवस राहा. हे कुणी मला कधी विचारलं नाही, कारण तुझे सात फोन होते. तू परत आला असतास तर सगळे रडले असते, तुला जवळ घेतलं असतं, आणि मग कुणीतरी माझ्याकडे पाहिलं असतं. हे मी त्याला सांगितलं. स्वतःलासुद्धा असं सांगितलं नव्हतं कधी.

तो उठला आणि आतल्या खोलीत गेला. दार लावलं नाही, पण बाहेरही आला नाही. मी पाऊण तास बसले. शेवटी शकुननं स्कूटीवरून बस स्टँडला सोडलं. म्हणाली, "थ्याईले जरा वेळ द्या, ताई. मायनं माफ केलतं, थे त्याईनं आज ऐकलं." मी म्हटलं, लग्नाचं मनावर घेऊ नका, मी येणार नाही, पोरीचा दिवस खराब व्हायला नको. तिनं गाडी वळवली.

११ डिसेंबर, बुधवार

बाविसाव्या प्रकरणातली दुरुस्ती पाठवली. 'सोडलं मी तुम्हाला. घरी या.' शेवटची पानंही संपवली. रानलोक परत येतात तेव्हा राणी गेलेली असते. त्यांना माफ करणारं आता कुणी उरलेलं नाही, पण खिंडीवर दिवे लावलेले असतात. शेवट मला बरा वाटला नाही. थकल्यामुळे असेल.

शाइस्ताबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चांगलं केलं. आता चूप बसा." म्हणून चूप बसले आहे. फोन जवळ ठेवते. दोनदा वाजला, एकदा बँक आणि एकदा पार्बताबाई.

आपण माफी मागून आलो आणि समोरचा काहीच बोलला नाही, हे किती जड असतं ते मला माहीत नव्हतं. मला तीन दिवस झालेत. त्याला बारा वर्षं झाली होती.

१३ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी पोळ्या करत होते. ललितचा फोन. नाव पाहून आधी कणकेचे हात पुसायला घेतले, मग वाटलं तेवढ्यात बंद पडेल, तसाच उचलला.

"ताई, ललित बोलतो."

"बोल."

"थे तू सांगतलं, त्याचं मले अजून काई जमून नाई राह्यलं. रोज इचार करतो अन् रोज राग येते. माफ केलं म्हनीन त खोटं होईन."

मी म्हटलं, नको म्हणू.

"हं. पन परवा दहाले लग्न हाय. तू ये."

मी विचारलं, वर्षालीनं सांगितलं का तुला फोन करायला?

"नाई. थिले मालूम पन नाई. म्या म्हनून राह्यलो. आत्याले पुढं बसा लागते. उद्याच ये, मुक्कामाले."

येते म्हटलं. त्यानं फोन ठेवला. तव्यावरची पोळी पार काळी झाली होती, आणि मी पदर खांद्यावरून घेऊन सरळ उभी होते.